नशीब सरासरीत विरतं, गृहीतक विरत नाही

मी अ‍ॅक्चुअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित करणारी. आमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एक छोटंसं गणित घालते. कॉम्प्युटर बंद, फक्त कागद आणि कॅल्क्युलेटर. दहा हजार माणसांनी एका वर्षाचा आयुर्विमा घेतलाय. त्या वर्षात प्रत्येकाच्या मृत्यूची शक्यता ०.००२, म्हणजे हजारात दोन. तर दावे किती येतील?

वीस, हे उत्तर लगेच येतं. मग मी विचारते, किती मागेपुढे? परीक्षांचे पेपर नुकतेच देऊन आलेली मुलं असतात, द्विपद वितरणाचं सूत्र तोंडपाठ असतं. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून मागेपुढे हलण्याचं माप, साधारण ४.५. म्हणजे वर्षअखेरीस १२ दावे आले काय किंवा २८ आले काय, दचकायचं कारण नाही. आता दहा हजारांच्या जागी दहा लाख माणसं घ्या. अपेक्षित दावे २०००, प्रमाण विचलन ४५च्या आसपास. मघाशी सरासरीच्या २२ टक्के हेलकावे घेणारी गोष्ट सव्वादोन टक्क्यांवर आली. माणसं शंभरपट झाली, हेलकावा मात्र दहापटच वाढला. विम्याचा अख्खा धंदा त्या एका वर्गमुळावर उभा आहे.

इथपर्यंत सगळे खूश असतात. मग मी म्हणते, समजा तो ०.००२ हा आकडाच चुकलाय. खरा आकडा ०.००२२ आहे. आता?

दहा हजार माणसांत २०ऐवजी सरासरी २२ दावे येतील. साडेचारच्या हेलकाव्यात हे जास्तीचे दोन दावे कोणाला दिसणार? वर्षानुवर्षं दिसणार नाहीत. दहा लाख माणसांत २०००चे २२०० होतील. दोनशे जास्त, म्हणजे जवळजवळ साडेचार प्रमाण विचलनं, पहिल्याच वर्षी धोक्याची घंटा. पण तोटा दोन्हीकडे सारखाच आहे, दहा टक्के. माणसं वाढवून तो तसूभरही कमी झाला नाही. मोठ्या कंपनीला तो लवकर कळला, इतकंच.

या दोन प्रकारच्या अनिश्चितता वेगळ्या ठेवणं, हेच माझं निम्मं काम आहे असं मला वाटतं. एकेका माणसाचं नशीब हजारो माणसांत मिसळून विरून जातं. आपण धरलेला आकडा मात्र प्रत्येक पॉलिसीत तोच असतो, त्यामुळे तो चुकला तर सगळीकडे एकाच दिशेने चुकतो. पाठ्यपुस्तकात पहिल्या भागाला शंभर पानं असतात आणि दुसऱ्याला एखादं प्रकरण. प्रत्यक्षात विमा कंपन्या आणि बँका बुडवणाऱ्या गोष्टी बहुतेक दुसऱ्या भागातल्या असतात.

इतिहासातलं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नॉर्दम्प्टनच्या तक्त्याचं आहे. पण त्याआधी हॅलीबद्दल थोडं सांगायला हवं. हो, धूमकेतूवाला एडमंड हॅली. १६९३ साली त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ब्रेस्लाऊ शहराचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा, मृत्युदर तक्ता, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती माणसं उरतात याची यादी, छापला. कॅस्पर नॉयमान नावाच्या तिथल्या धर्मगुरूने १६८७ ते १६९१ या पाच वर्षांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जमवल्या होत्या. मृतांची वयं त्यात होती, ही मोठी गोष्ट. लंडनच्या नोंदी हॅलीला उपयोगाच्या वाटल्या नाहीत, कारण तिथे बाहेरून माणसांचा लोंढा येत होता. ब्रेस्लाऊत वर्षाला सरासरी १२३८ जन्म आणि ११७४ मृत्यू. जवळपास बरोबरी, येणंजाणं कमी. म्हणजे लोकसंख्या स्थिर धरता येते, आणि ती स्थिर धरली की फक्त मृत्यूच्या नोंदींवरून तक्ता बांधता येतो.

त्या तक्त्यात चाळीस वर्षांचे ४४५ आहेत आणि सत्तेचाळीस वर्षांचे ३७७. हॅली सरळ म्हणतो, चाळिशीतला माणूस आणखी सात वर्षं जगण्याची पैज ३७७ विरुद्ध ६८ या भावाने लावावी. मग सहा टक्के व्याज धरून तो वेगवेगळ्या वयांसाठी अ‍ॅन्युइटीची, म्हणजे हयातभर दरसाल मिळणाऱ्या रकमेची, किंमत काढतो. जगण्याची संभाव्यता गुणिले व्याजाने कमी केलेली रक्कम, आणि अशा सगळ्या वर्षांची बेरीज. सव्वातीनशे वर्षं झाली, मी आजही तेच करते. फक्त माझ्याकडे बेरजा करायला यंत्र आहे, हॅलीकडे लॉगरिदमचे तक्ते होते. (इंग्लंडच्या सरकारने मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं दहा वर्षांच्या मुलाला आणि साठीच्या माणसाला एकाच भावाने अ‍ॅन्युइटी विकल्या. अहवाल छापून येणं आणि तो कोणी वाचणं यातलं अंतर तेव्हापासूनचं आहे.)

आता नॉर्दम्प्टन. रिचर्ड प्राइस हा धर्मोपदेशक, तत्त्वज्ञ आणि संभाव्यतेचा दर्दी. थॉमस बेझचा संभाव्यतेवरचा प्रसिद्ध निबंध त्याच्या मरणानंतर छपाईपर्यंत नेला तो यानेच. प्राइसने अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन गावातल्या नोंदींवरून मृत्युदराचा तक्ता बनवला. त्याच्यासमोर एक अडचण होती. नोंदींत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. त्याने तर्क लढवला की तरुण वयात बाहेरून माणसं येऊन ही तूट भरून निघत असणार, आणि त्यानुसार तक्ता जुळवून घेतला. खरी गोष्ट अशी होती की नोंदवहीत जन्म नव्हतेच, बाप्तिस्मे होते. गावात बॅप्टिस्ट पंथाचे बरेच लोक होते आणि ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. मुलं जन्माला येत होती, पण वहीत चढत नव्हती. मृत्यू मात्र चढत होते. त्यामुळे तक्त्यात माणसं खऱ्यापेक्षा बरीच लवकर मरताना दिसत होती.

हा तक्ता दोन ठिकाणी वापरला गेला. पहिलं ठिकाण म्हणजे इक्विटेबल सोसायटी. ही १७६२ साली लंडनमध्ये सुरू झाली. वयानुसार हप्ता ठरवून आयुष्यभराचा विमा देणारी ही पहिली संस्था, आणि ‘अ‍ॅक्चुअरी’ हे पदनाम इथूनच आलं. तिच्यामागे जेम्स डॉडसन या गणिताच्या शिक्षकाचं डोकं होतं. वय पंचेचाळीसच्या वर आहे म्हणून जुन्या विमा संस्थेने त्याला नकार दिला होता. वयाप्रमाणे हप्ता घ्या की, असं तो म्हणाला. संस्था उभी राहण्याआधीच तो वारला. इक्विटेबलने १७८०च्या दशकात नॉर्दम्प्टनचा तक्ता स्वीकारला. तक्ता म्हणतोय माणसं लवकर मरतात, म्हणून हप्ते जास्त. माणसं मात्र मजेत जगतायत. संस्थेकडे प्रचंड शिल्लक साठली. तिथला अ‍ॅक्चुअरी विल्यम मॉर्गन हा प्राइसचा सख्खा भाचा. मामाच्या तक्त्यातल्या चुकीने जमलेल्या पैशावर हा भाचा पन्नासहून जास्त वर्षं पहारा देत बसला आणि वाटपाची मागणी करणाऱ्या सभासदांना सावधगिरीचे धडे देत राहिला. मला हा माणूस फार ओळखीचा वाटतो.

दुसरं ठिकाण म्हणजे ब्रिटिश सरकार. १८०८पासून सरकार याच तक्त्याने अ‍ॅन्युइटी विकू लागलं. आयुर्विम्यात माणूस लवकर मेला तर कंपनीचा तोटा. अ‍ॅन्युइटीत माणूस जास्त जगला तर विकणाऱ्याचा तोटा. तक्त्याने आयुष्य कमी दाखवलं, म्हणून अ‍ॅन्युइटी स्वस्त विकल्या गेल्या, आणि घेणारे जगतच राहिले. जॉन फिनलेसन या सरकारी अ‍ॅक्चुअरीने सरकारी अ‍ॅन्युइटीधारकांच्याच नोंदी काढून हे नुकसान दाखवून दिलं. त्याचा अहवाल १८२९ सालचा.

एकच तक्ता, एकच चूक. एक घर श्रीमंत झालं आणि दुसऱ्याच्या खजिन्याला भोक पडलं. दोन्हीकडे हजारो माणसं होती आणि त्या हजारांमुळे कोणाचंही काही वाचलं नाही.

यावरून हुशार विद्यार्थी लगेच म्हणतात, मग कंपनीने आयुर्विमा आणि अ‍ॅन्युइटी दोन्ही विकावं, चूक आपोआप वजाबाकीत जाईल. बरोबर आहे, कंपन्या हे करतातही. पण आयुर्विमा घेणारे तिशी-चाळिशीतले असतात आणि अ‍ॅन्युइटी घेणारे साठी ओलांडलेले. म्हाताऱ्यांचं आयुष्य वाढवणारं औषध तरुणांच्या अपघातांना थोपवत नाही. शिवाय अ‍ॅन्युइटी स्वतःहून विकत घेतो तो माणूस बहुधा धडधाकट असतो. आपण फार दिवसांचे सोबती नाही असं वाटणारा आयुष्यभराचं उत्पन्न कशाला विकत घेईल? त्यामुळे वजाबाकी होते, पण अर्धीमुर्धी.

या निवडीचं टोक गाठलं ते जिनिव्हाच्या बँकवाल्यांनी. १७७०च्या दशकात फ्रेंच राजा कर्ज काढायचा ते अ‍ॅन्युइटी विकून, आणि वय न बघता एकाच दराने. करारात गंमत अशी की पैसे घेणारा एक आणि ज्याच्या हयातीवर ते मिळत राहणार तो दुसरा, असं चालायचं. जिनिव्हाच्या बँकवाल्यांनी सुखवस्तू घरांतल्या तीसेक लहान मुली निवडल्या. देवी येऊन गेलेल्या, म्हणजे त्या रोगाची भीती संपलेली. घरी डॉक्टरची देखरेख. या मुलींच्या नावांवर अ‍ॅन्युइटी घेतल्या आणि त्यातले हिस्से लोकांना विकले. माझ्या हिशेबाने ही आर्थिक इतिहासातली सर्वांत सुबक खेळी आहे: मृत्युदराचा अंदाज अचूक, आणि तीस मुलींवर विभागल्यामुळे एखादी गेली तरी फार बिघडत नाही.

मुली जगल्या. कर्जदार मेला. १७८९ला क्रांती झाली, पुढे कागदी चलन कोसळलं, आणि १७९७ साली फ्रान्सने आपल्या सरकारी कर्जाचा दोन तृतीयांश भाग सरळ नाकारला. तीसही मुलींचे पैसे एकाच तिजोरीतून यायचे होते. जोखीम तीस ठिकाणी वाटली असं वाटत होतं, प्रत्यक्षात ती एकाच ठिकाणी होती.

व्याजदराचं प्रकरण याच जातीचं. तीस वर्षांनी द्यायच्या १०० रुपयांसाठी आज किती बाजूला ठेवायचे? आठ टक्के व्याज धरलं तर १०. चार टक्के धरलं तर ३१. दोन टक्के धरलं तर ५५. मृत्युदरातल्या दहा टक्क्यांच्या चुकीवर आम्ही तासन्‌तास वाद घालतो, आणि इथे एका खान्यातला आकडा बदलला की उत्तर पाचपट होतं. व्याजदर पडले की ते काही विमेदारांपुरते पडत नाहीत.

तीच इक्विटेबल, जिच्याबद्दल वर सांगितलं, ती यातच अडकली. १९५७ ते १९८८ या काळात तिने निवृत्तिवेतनाच्या ज्या पॉलिसी विकल्या त्यांत अ‍ॅन्युइटीचा किमान दर लिहून दिला होता. व्याजदर चढे होते तोवर बाजारात मिळणारा दर त्याहून चांगला होता, त्यामुळे त्या कलमाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मग दोन गोष्टी एकदम उलटल्या: व्याजदर उतरले आणि माणसांचं आयुष्य वाढलं. १९९३पर्यंत बाजाराचा दर हमीच्या खाली गेला. हमी वापरणाऱ्यांना बोनस कमी देऊन संस्थेने तोंडमिळवणी करायचा प्रयत्न केला. जुलै २०००मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते बेकायदा ठरवलं आणि त्याच डिसेंबरात संस्थेने नवीन व्यवसाय बंद केला. वयाप्रमाणे हप्ता शोधणारी संस्था, २३८ वर्षांची.

अशा हमीची किंमत काढायला आज आमच्याकडे पर्यायांचं, म्हणजे ऑप्शन्सचं, गणित आहे. पर्याय म्हणजे ठरलेल्या भावाने व्यवहार करायचा हक्क, बंधन नव्हे. ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांचं १९७३मधलं काम प्रसिद्ध आहे. हमी म्हणजे विमेदाराला फुकटात दिलेला पर्याय, आणि पर्याय आज तोट्यात असला तरी त्याची किंमत शून्य नसते. हे एक वाक्य मी नव्या मुलांकडून घोकून घेते. दहा लाख माणसांकडचे असे पर्याय एकाच दिवशी फायद्यात येतात, सगळे एकदम.

आणि मग २००८चं आर्थिक संकट. तिथे तर गणित विम्यातून उसनं गेलं होतं, म्हणून मला त्याचं जरा जास्तच वाटतं. आमच्याकडे जोडीदारांच्या संयुक्त अ‍ॅन्युइटीचा जुना प्रश्न आहे: नवरा-बायकोपैकी एक गेला की मागे राहिलेल्याची मृत्यूची शक्यता काही काळ वाढते. दोघांची आयुष्यं स्वतंत्र धरून चालत नाही. असं परस्परावलंबन मांडायला कॉप्युला नावाचं साधन वापरतात. प्रत्येकाचा मृत्युदर वेगळा ठेवायचा आणि त्यांना जोडणारा धागा वेगळा लिहायचा. डेव्हिड ली यांनी, जे स्वतः अ‍ॅक्चुअरियल सायन्स शिकलेले, २००० साली हीच कल्पना कर्जांना लावली. एका कर्जदाराचं बुडणं म्हणजे एकाचा मृत्यू. तो बुडाला तर दुसऱ्याची बुडण्याची शक्यता किती वाढते? उत्तर एका सहसंबंधाच्या आकड्यात. बाजाराला हे फार आवडलं.

त्या एका आकड्यावर किती अवलंबून असतं बघा. पाच कर्जं घ्या, प्रत्येक बुडण्याची शक्यता पाच टक्के. तुम्ही असा रोखा घेतलाय की पाचही बुडाली तरच तुमचं नुकसान. कर्जं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर तुमच्या नुकसानीची शक्यता ३२ लाखांत एक. सगळी एकाच दोरीने बांधलेली असतील तर वीसमध्ये एक. कर्जं तीच, प्रत्येकाचे पाच टक्के तेच. बदललं फक्त गृहीतक.

प्रत्यक्षातला सहसंबंध या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो चांगल्या दिवसांत मोजलेला असतो. शिवाय सामान्य वितरणावर बेतलेल्या कॉप्युलाची एक गणिती खोड आहे. सहसंबंध एकपेक्षा कमी आहे तोवर अगदी टोकाच्या घटना त्यात जवळपास स्वतंत्र होत जातात. म्हणजे जेव्हा सगळे एकदम बुडतात त्या दिवसासाठी सूत्र सांगतं की ते एकदम बुडत नाहीत. लींना दोष देणारे लेख पुष्कळ आले. मला ते पटत नाहीत. साधनाच्या मर्यादा त्या विषयात काम करणाऱ्यांना माहीत होत्या. माहीत असूनही आकडा हवा होता, कारण आकड्याशिवाय रोखा विकता येत नाही.

युरोपातल्या विमा कंपन्यांसाठीच्या सॉल्व्हन्सी टू नियमांत, जे जानेवारी २०१६पासून लागू आहेत, कंपनीने दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या वाईट वर्षात तग धरेल इतकं भांडवल ठेवावं असं म्हटलंय. म्हणजे वर्षभर तग धरायची शक्यता ९९.५ टक्के. कल्पना म्हणून चांगली आहे. पण दोनशे वर्षांतली एक घटना मोजायला माझ्याकडे साधारण वीस-तीस वर्षांची वापरण्याजोगी माहिती असते. उरलेलं वितरणाच्या शेपटीचा आकार धरून भरून काढावं लागतं. तो आकार पुन्हा मीच निवडलेला.

म्हणून माझ्या अहवालांत मी एक पान निकालाच्या आधी लावते. कुठलं गृहीतक दहा टक्क्यांनी हललं तर उत्तर किती हलतं, मोठ्यातून लहानाकडे. वरिष्ठांना ते आवडत नाही. “नक्की आकडा कोणता ते सांगा ना,” असं मला एकाहून जास्त साहेबांनी ऐकवलंय. मी सांगते, नक्की आकडा तिसऱ्या पानावर आहे, पण पहिलं पान वाचल्याशिवाय तिसरं उघडू नका. एका साहेबांनी एकदा पहिलं पान फाडून बाजूला ठेवलं आणि तिसरं वाचलं. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

सध्या आमच्याकडे वाद आहे तो महासाथीच्या वर्षांचा. २०२० आणि २०२१चे मृत्यू भविष्याच्या अंदाजात धरायचे का? धरले तर येणारी सगळी वर्षं थोडी काळी दिसतात, आयुर्विमा महाग आणि अ‍ॅन्युइटी स्वस्त. वगळले तर ती वर्षं जणू झालीच नाहीत. ब्रिटनच्या अ‍ॅक्चुअरींच्या संस्थेतर्फे मृत्युदराचं जे प्रारूप निघतं, त्याच्या २०२२च्या आवृत्तीत या दोन वर्षांना शून्य वजन दिलं गेलं आणि २०२२ला २५ टक्के. हा पंचवीसचा आकडा कुठल्याही सूत्रातून निघत नाही. चार जाणकार बसले, बोलले आणि ठरवलं.

आमच्या टीममधल्या एका मुलीला हे अजिबात मान्य नाही. तिचं म्हणणं, वजन माहितीवरूनच काढता आलं पाहिजे, नाहीतर हे गणित कसलं. मी तिला म्हटलं, काढून दाखव. ती दोन पद्धती घेऊन आली. एकीतून उत्तर येतं ११ टक्के, दुसरीतून ४०. दोन्ही पद्धती व्यवस्थित आहेत, मी तपासल्या. आता ती तिसरी शोधतेय आणि मी तिला थांबवलेलं नाही. तोवर आमच्या फाइलमध्ये २५च आहे, आणि शेजारच्या खान्यात कारण लिहिलंय: निर्णय, हिशेब नव्हे.